तिसऱ्या खोक्यातला माणूस

१

आमची कंपनी लोकांना पाणी प्यायची आठवण करून द्यायची. एवढंच. फोनवर थेंबाचं चित्र यायचं, टुणकन आवाज व्हायचा, आणि माणूस पाणी तरी प्यायचा किंवा शिवी हासडून फोन पालथा तरी घालायचा. तहान जन्मापासून अंगातच असताना हे अ‍ॅप कशाला हवं, असं आमच्या मजल्यावर कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर सगळ्यांना घरी बसावं लागलं असतं, माझ्यासकट.

कंपनी काढणारा आमच्याच वयाचा होता. त्याला नुसत्या नावानं हाक मारायची असा नियम होता, कारण आम्ही म्हणे एक कुटुंब होतो. पाठीमागं आम्ही त्याला 'सरकार' म्हणायचो. त्याच्या खालोखाल आमच्या गटाचा प्रमुख, होयबा. सरकारनं सकाळी भिंत हिरवी आहे म्हटलं की दुपारपर्यंत होयबा आम्हाला हिरव्या भिंतीचे फायदे समजावून सांगत असायचा. भिंत पांढरी होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. बाकी आम्ही कार्टी. रोज सकाळी गोल करून उभं राहायचं, आणि काल जे केलं नाही तेच आज करणार आहोत हे प्रत्येकानं वेगळ्या शब्दांत सांगायचं. मग टाळ्या.

मजल्यावर आडोसा असा नव्हता. भिंती माणसांना तोडतात, असं सरकारचं मत होतं. त्यामुळे आईला फोन करायचा, डॉक्टरला दुखणं सांगायचं किंवा दुसऱ्या कंपनीला गुपचूप मुलाखत द्यायची तर जागा एकच, खिडकीकडची तीन काचेची खोकी. कपाटाएवढी असतील. एकानं आत उभं राहायचं, दार ओढून घ्यायचं, की आवाज बाहेर येत नसे. बाहेरून बघणाऱ्याला नुसते हलणारे ओठ दिसायचे, बरणीतल्या माशासारखे.

तिसऱ्या खोक्यात बहुतेक वेळा एकच माणूस असायचा. आमच्याकडे पाठ करून, कानाला फोन लावून, मान डोलावत. रुजू होताना सगळ्यांना टोपीचं राखाडी जॅकेट मिळायचं, पाठीवर थेंब छापलेलं, ते त्याच्या अंगात असे. मी त्याला पहिल्याच आठवड्यात कामचुकारांच्या रांगेत नेऊन बसवलं आणि पुढं विचार केला नाही. तिथं रांग लांबच होती.

२

मजल्यावर मला जिचा तिटकारा नव्हता अशी एकच व्यक्ती होती, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी. मी तिला शेजारीण म्हणायचो, ती मला शेजारी. कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. तिची आई लवकर गेलेली. वडील दूर गावी एकटेच. जन्मभर बस चालवली, आणि निवृत्तीनंतर थोड्याच काळात दोन्ही डोळे गेले. ती त्यांना रोज दुपारी फोन करायची. तो फोन मला पाठ झाला होता. "बाबा, जेवलात? गोळी घेतलीत? बरं, ठेवते, मीटिंग आहे."

एका दुपारी तिला त्यांच्या डॉक्टरशी बोलायचं होतं. आम्ही खोक्यांपाशी उभे होतो. पहिली दोन भरलेली.

"तिसरं रिकामं आहे," ती म्हणाली.

"कुठलं रिकामं? तो उभा आहे की आत."

"दिवा बंद आहे ना पण."

खरंच बंद होता. खोक्यातला दिवा आपोआप लागायचा. आत कोणी हललं की लागे, हालचाल थांबली की विझे. आत अंधूक उजेडात तो उभा होता, मान डोलावत होता, आणि डोक्यावरचा दिवा मेल्यासारखा बंद.

"अरे हो, आहे की," ती डोळे बारीक करून म्हणाली. "मला दिसलाच नाही."

थोड्या वेळानं पाहिलं तर खोकं मोकळं होतं. तो बाहेर पडताना मी पाहिला नव्हता. तसं इथं कोण कधी उठतं आणि कुठं जातं, याकडे बघायला वेळ कोणाला होता? मी आत शिरलो. दार पुरतं लागायच्या आधी दिवा लागला. मी पुतळ्यासारखा उभा राहिलो. विझला. हनुवटी जराशी हलवली, लागला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा लागला.

दिवा बिघडला असेल आणि मग सुधारला असेल. यंत्रं बिघडतात, त्यावरच तर आमचं पोट चालतं. असं म्हणून मी जागेवर आलो. पण मान डोलावणारी ती पाठ डोक्यातून गेली नाही.

३

तो कोण, हे विचारायला सुरुवात केली आणि आमच्या कुटुंबाचं पितळ उघडं पडलं.

आमच्या गटातले म्हणाले, विक्रीवाला असणार, एवढं फोनवर आणखी कोण बोलतं? विक्रीवाले म्हणाले, "तुमच्यातलाच ना तो? कोड लिहिणारेच असे माणूसघाणे असतात." माणसांची भरती करणारी बाई होती, कायम हसतमुख. कामावरून काढतानाही तशीच हसायची. ती म्हणाली, "मी सगळ्यांना चेहऱ्यानं ओळखते."

"चेहरा कुठं दिसतोय त्याचा?"

"मग पाठीवरून मी कसं सांगणार?" ती म्हणाली, आणि माझ्या मनावर ताण आहे का, म्हणून प्रेमानं विचारलं.

महिन्याच्या सभेत सरकारनं भाषण केलं. पाणी, माणुसकी आणि जगाचा कायापालट. बोलता बोलता त्यानं खिडकीकडे हात केला.

"त्याच्याकडे बघा. आपण इथं उभे आहोत आणि तो तिथं बोलतोय. ऐकून घेतोय. कधी आलो तरी हा मला तिथंच दिसतो. मला अशी माणसं हवीत."

सगळे वळले. तिसऱ्या खोक्यात राखाडी पाठ मान डोलावत होती. टाळ्या झाल्या. होयबानं सर्वांत जोरात वाजवल्या.

"नाव काय त्याचं?" मी होयबाला विचारलं.

"तुझं आपलं काहीतरीच असतं," तो म्हणाला. "वरचे ओळखतात ना त्याला? मग झालं."

सरकार ओळखत नव्हता. ओळखत नाही हे कबूल करायची त्याची तयारी नव्हती, आणि सरकार ओळखत असणारच असं धरून बाकीचे गप्प होते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आमचं अख्खं ऑफिस त्यावर चालायचं. मधल्यामध्ये एक माणूस आमच्यात उभा होता आणि तो कोणाचाच नव्हता.

४

त्यानंतरच्या आठवड्यात शेजारीण चहाच्या यंत्रापाशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. कप रिकामाच होता.

"बाबा म्हणाले, काल किती वेळ बोललीस, बरं वाटलं."

"मग?"

"काल मी फोनच केला नाही. काल आपलं ते नवीन थेंबाचं चित्र अ‍ॅपवर यायचं होतं. जेवलेसुद्धा नाही मी."

"परवाचं काल वाटलं असेल त्यांना. दिवसभर एकट्यानं बसायचं, डोळ्यांपुढं अंधार. दिवस एकात एक मिसळणारच."

"मी काय काय बोलले ते सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "मी लहान असताना त्यांच्या बसमध्ये पुढं इंजिनच्या झाकणावर बसायचे. चटका बसायचा, तरी उठायचे नाही. मांडीला फोड आला तो आईपासून लपवला होता, ते मी त्यांना काल म्हणे सांगितलं. मी ते कोणालाच सांगितलेलं नाही रे."

मी यंत्रासमोरून बाजूला सरकलो.

"आणि म्हणाले, पहिल्यांदाच तुला काही घाई नव्हती."

तिनं कप यंत्राखाली ठेवला आणि बटण दाबायला विसरली.

"आणखी एक म्हणाले. नोकरी सोडून इकडे यायचं डोक्यातून काढलंस, बरं केलंस. मी नोकरी सोडणार, हे मी त्यांना कधी बोललेच नव्हते. तुला बोलले होते फक्त. आठवतं? तिथं उभं राहून." तिनं हनुवटीनं खोक्यांकडे खूण केली.

मी तिला समजावलं. आजकाल आवाजाची नक्कल करणारी यंत्रं आहेत. म्हाताऱ्या माणसांना गाठतात, गोड बोलतात, मग हळूच काहीतरी मागतात. चोरांचा धंदा आहे हा. मला ते बोलताना पटत होतं.

"काही मागितलं नाही त्यानं," ती म्हणाली. "नुसतं ऐकून घेतलं."

५

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी तिसऱ्या खोक्याशी गेलो. तो होता. दिवा बंद होता.

मी काचेवर टकटक केलं. त्यानं मागं न बघता एक बोट वर केलं. थांबा, एक मिनिट. मजल्यावर दिवसभर सगळे एकमेकांना हेच बोट दाखवत असतात, आणि खरं सांगतो, ते बघून मला हायसं वाटलं. असं बोट माणूसच दाखवतो. मी थांबलो. मिनिट गेलं, आणखी काही मिनिटं गेली. पुन्हा टकटक केलं. पुन्हा तेच बोट, तितकंच वर, तितकंच सरळ.

मागं पोरंपोरी कुठल्यातरी फालतू विनोदावर हसत होती. होयबा फळ्यावर बाण काढत होता. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दाराच्या कडेला रबराची पट्टी असते, ती खालच्या बाजूला जराशी सुटली होती. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वाकलो आणि तिथं कान लावला.

"हो बाबा, जेवले. नाही हो, घाई कसली? तुम्ही सांगा ना. मग त्या घाटात गाडी बंद पडली, पुढं?"

आवाज तिचा होता. शेवटचं अक्षर जरा ओढायची तिची लकब, तीसुद्धा. मग ती हसली. एवढं मोकळं हसताना मी तिला ऑफिसात कधी ऐकलं नव्हतं.

मी मान वर केली. शेजारीण तिच्या टेबलावर होती. कानाला हेडफोन, तोंडात पेनाचं टोपण, नजर पडद्यावर.

दार माझ्या हाताशी होतं. मी ते उघडलं नाही. गुडघे धरून उठलो, तिच्याकडे गेलो आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, हसेल. मला हवंच होतं की तिनं हसावं, वेड लागलंय तुला म्हणावं. ती हसली नाही. तिनं लॅपटॉप मिटला, उचलला आणि होयबाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"मी चालले," ती म्हणाली.

होयबानं खास आवाज काढला, सरकारकडून उचललेला. "अगं, असं तडकाफडकी नको. आपण कुटुंब आहोत. शांतपणे बोलूया ना. चल, त्या खोक्यात..."

"वाट सोडा," ती म्हणाली.

संध्याकाळच्या सभेत तिच्या पुढच्या वाटचालीसाठी टाळ्या वाजवण्यात आल्या. ती तेव्हा बसमध्ये असेल.

६

नंतर काही दिवस तिचा फोन नव्हता. आला तो दुपारीच. मी खिडकीपाशी जाऊन उचलला. ती हळू आवाजात बोलत होती, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशी.

"दार उघडंच होतं," ती म्हणाली. "बाबा खुर्चीत बसलेले, कानाला फोन. पावलं ऐकून म्हणाले, 'आलात? या, या. मुलगी म्हणालीच होती, एक बाई पाठवतेय म्हणून.'"

"मग?"

"म्हटलं, बाबा, मीच आहे. तर हसले. तुला माहीत नाही ते कसे हसतात, समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून. म्हणाले, 'आवाज थोडा तिच्यासारखा आहे तुमचा. पण ती कामावर आहे. ही काय, बोलतेय माझ्याशी.'"

"त्यांना सांग ना लहानपणचं. ते इंजिनचं झाकण."

"सांगितलं. म्हणाले, 'हो, तिनं सांगितलं असेल तुम्हाला.' मी त्यांचा हात धरून माझ्या चेहऱ्यावर ठेवला. त्यांनी चटकन मागं घेतला. माफ करा म्हणाले. परक्या बाईच्या चेहऱ्याला हात लागला म्हणून माफी मागितली रे त्यांनी माझी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल फोन काढून घेतला त्यांच्याकडून. कपाटात ठेवला. ओरडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. शेवटी मीच दिला परत. आता समोर बसून बोलतायत. तुला ऐकू येतंय?"

ऐकू येत होतं. दुरून, एका म्हाताऱ्या माणसाचा भरदार, मजेत असलेला आवाज. कुठल्यातरी वळणाची गोष्ट सांगत होता.

"तो आहे का तिथं?" तिनं विचारलं.

मी मान वळवली. तिसरं खोकं. पाठ. मान डोलत होती, त्या गोष्टीच्या ठेक्यावर.

"आहे."

"दार उघड," ती म्हणाली.

७

त्या दिवशी सरकारकडे पाहुणे आले होते. नीटनेटक्या कपड्यांतली दोन-चार मंडळी, सरकार त्यांना मजला दाखवत होता. होयबा पुढं होऊन खुर्च्या सरकवत होता. मी त्यांच्या मधून गेलो. कोणीतरी माझं नाव घेतलं. मी फोन कानाला तसाच धरून तिसऱ्या खोक्याचं दार ओढलं.

तो वळायला लागला होता. मी एवढं नक्की सांगू शकतो. खांदा फिरला, टोपीच्या कडेला कान दिसला. कानाच्या पुढं गाल सुरू व्हायला हवा होता. तिथं पुन्हा पाठच सुरू होत होती.

मग आत कोणी नव्हतं. मी आत होतो, डोक्यावर दिवा लागलेला आणि दार मागं आपोआप मिटलेलं. ऑफिसचा गोंगाट कोणी सुरीनं कापावा तसा थांबला होता.

"थांबलं," फोनमध्ये ती म्हणाली. "आवाज थांबला. बाबा हॅलो हॅलो करतायत."

मलाही ते ऐकू येत होते. आधी जोरात, मग जरा हळू.

"बाबा, मी इथं आहे," ती त्यांना म्हणाली. "बघा, इथंच आहे."

"अहो, तुम्ही नाही. माझी मुलगी. बोलता बोलता थांबली. कधी थांबत नाही ती अशी." काहीतरी पडल्याचा आवाज झाला, काठी असेल. "तिला काहीतरी झालंय. तिच्या ऑफिसात लावून द्या ना कोणाला तरी. बाई, लावून द्या ना."

"बाबा."

"लहान आहे हो ती. एकटी असते तिकडे."

मग मी एका म्हाताऱ्या माणसाला रडताना ऐकलं. ज्याला रडायची सवय नाही असा माणूस रडतो तसा तो रडत होता, मध्येच खोकत, मध्येच थांबून पुन्हा हॅलो म्हणत. आमच्या मजल्यावर रोज दिवसभर भावना, आपुलकी, माणसाशी जोडलेलं राहणं असले शब्द उधळले जायचे. त्यातल्या एकाही गाढवानं असलं काही ऐकलं नसेल. मीही नव्हतं ऐकलं.

"तू बाहेर ये," ती म्हणाली.

"काय?"

"बाहेर ये तिथून. दार लाव."

"अगं, थोडं थांब. सवय होईल त्यांना. मी इथंच उभा राहतो. रोज राहीन. हालणार नाही."

"मी त्यांच्याशी इतकं कधी बोललेच नव्हते रे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "कधीच नाही. ते त्याची वाट बघतायत. बाहेर ये."

मी काचेला हात लावून उभा होतो. बाहेर पाहुणे जवळ आले होते. सरकारचे ओठ हलत होते, हात हवेत गोल फिरत होते.

"बाबा थरथरायला लागलेत," ती म्हणाली. "ये ना रे बाहेर."

मी बाहेर आलो. दार लावलं, आणि दाराकडे पाठ करून तिथंच उभा राहिलो. वळून पाहायची छाती झाली नाही. सरकार माझ्यावर भडकला असणार, पण पाहुण्यांसमोर तो हसत होता. पाहुणे माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या खांद्यावरून मागं बघत होते, आणि मध्येच ओळखीचं कोणी दिसल्यासारखे हसले. त्यांच्यातल्या एका बाईनं हात थोडासा वर करून हलवला.

फोनमध्ये, दूर, तिच्या घरात दुसरा फोन वाजला.

"हां, बोल गं बाळा," म्हातारा म्हणाला. नाक ओढल्याचा आवाज आला. "कुठं गेली होतीस? नाही, नाही, मी कशाला रडतोय. ते सोड. तर काय सांगत होतो मी तुला..." मग फोनवर हात ठेवल्यासारखा त्याचा आवाज दबला. "बाई, जरा चहा टाकता का?"

"टाकते," ती म्हणाली. ते मला उद्देशून नव्हतं. मग तिनं फोन ठेवून दिला.